सुई आधी वर गेली

बिडवे सरांनी तहसीलदारांना एका वाक्याचा अभिप्राय दिला होता: ‘सुई आधी वर गेली, त्याअर्थी सुरुंगच.’ खाली सही, आणि सहीखाली पदव्या. वाक्यापेक्षा पदव्यांना जास्त जागा लागली होती. त्या वाक्याच्या जोरावर फौजदारानं व्यंकटीला उचललं.

डॉ. मन्मथ बिडवे आमच्या नांदेडच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली, रजेच्या जागेवर लागलेली. त्यांनी आयुष्यात एकच शोधनिबंध लिहिला होता आणि त्याच्या प्रती ते लग्नपत्रिकेसारख्या वाटत. अशा माणसाबद्दल बोलताना ‘तसे वाईट नव्हते’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ती पद्धत आवडत नाही.

वडसांगवी हे गाव कंधारची हद्द संपून लातूरची सुरू होते तिथलं. लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावाच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ पुसून ‘लातूर’ रंगवलं होतं, पण रंग पातळ पडल्यामुळे जुना ‘उ’ खालून दिसत होता. जिल्हा नवा झाला, तर तालुकेही नवे होतील आणि त्यांत आपला नंबर लागेल, असं गावच्या पुढाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. पाऊस सलग दोन वर्षं गेलेला. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण तालुका कृती समिती होती. तिचे अध्यक्ष रामकिशनराव रोज इस्त्रीचं धोतर नेसत. त्यांच्या धोतराला पाणी कुठून येतं हे कुणी विचारत नसे.

वर्षभर त्या गावाखालून गडगड आवाज येत होता. म्हणून आम्ही शाळेच्या एका खोलीत जमिनीचे धक्के नोंदवणारं यंत्र बसवलं. हैदराबादला वापरून जुनं झालेलं, पण चांगलं यंत्र. एका फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला, आणि त्यावर सुई रेघ ओढत राहते. जमीन हलली की रेघ हलते.

फाल्गुनात एका दुपारी मोठा धडाका झाला. फळीवरची भांडी खाली आली. किराणा दुकानदार मलप्पा जेवायला बसला होता, त्याच्या अंगावर मागची भिंत पडली आणि तो जागीच गेला. त्याच वेळी गावाबाहेर केरबाच्या विहिरीत व्यंकटी उतरलेला होता. दगड फोडणं आणि आटलेल्या विहिरींत सुरुंगाचे बार उडवून त्या खोल करणं हे व्यंकटीचं काम, त्याच्या बापाचंही तेच. त्या दुष्काळात त्याच्याइतकी मागणी कुणाला नव्हती. व्यंकटी म्हणाला, मी नुसती भोकं पाडत होतो, दारू भरली नव्हती. विहिरीचा मालक केरबा म्हणाला, मी मिरची घेऊन धर्माबादच्या बाजारात गेलो होतो, मला काही ठाऊक नाही. केरबाच्या रानात त्या वर्षी मिरचीचं एक रोप नव्हतं.

आता सुई वर जाणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. बिडवे सरांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

टँकरपुढची बायकांची रांग डोळ्यांपुढे आणा. मागून कुणी ढकललं की धक्का एकीकडून दुसरीकडे पुढे जातो. प्रत्येक बाई आपल्या जागेवरच असते, पुढे पोचतो तो नुसता धक्का. जमिनीतून पहिली लहर अशी येते, दाबत आणि सोडत. तिच्यामागून दुसरी येते. दावं एका टोकाला धरून झटकलं की त्यातून नागमोड पळते, तशी ही आडवी हलवत येते. ती हळू चालते, पण भिंती बहुतेक तीच पाडते. दोघींच्या मधल्या वेळेवरून धक्का किती लांबून आला ते काढता येतं. मात्र धक्का अगदी जवळचा असला आणि कागद सावकाश फिरत असला, तर दोघी एकमेकींत मिसळतात आणि कागदावर नुसता काळा गिचका उरतो. मलप्पा गेला त्या दिवसाचा कागद तसाच होता. त्यात वाचण्यासारखी एकच गोष्ट होती: पहिल्या लहरीनं जमीन आधी वर ढकलली की खाली ओढली.

बार उडतो तेव्हा तो चारी बाजूंना ढकलतो. दुसरं काही त्याला जमत नाही. यंत्र कुठल्याही दिशेला ठेवा, सुई आधी वरच जाणार. भूकंपात मात्र खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. ज्या दिशेला खडक सरकतो तिकडची जमीन ढकलली जाते, आणि जिकडून सरकतो तिकडची ओढली जाते. म्हणून एका गावात सुई आधी वर, तर दुसऱ्या गावात आधी खाली. यातून निघतं ते इतकंच, की सुई खाली गेली तर तो बार नव्हे. वर गेली तर बार असेल, नाहीतर भूकंपही असेल. बिडवे सरांनी नेमकं याच्या उलट धरलं होतं. चौकीसमोर सायकल उभी दिसली म्हणून सायकलवाला चोर ठरवावा, त्यातला प्रकार.

यंत्राचे कागद दर आठवड्याला एस.टी.नं नांदेडला येत. शाळेचे हेडमास्तर नरसिंग गुरुजी ते गुंडाळून, दोरा बांधून कंडक्टरच्या हाती देत. बिडवे सरांनी त्यांतला एकच कागद मागवून पाहिला होता. बाकीचे कपाटात होते, दोरा न सोडलेले. मी सगळे काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरले.

बार उडवायच्या आधी व्यंकटी काठावर उभा राहून ‘बाऽऽर हाय, बाऽऽर’ अशी हाळी देई. ती शाळेपर्यंत ऐकू जाई. गुरुजी मुलांना खिडक्यांपासून मागे घेत आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीनं ‘बार’ असं लिहून ठेवत. श्रावणातल्या प्रत्येक बाराला सुई आधी वर गेली होती, जशी जायला हवी तशी. दिवाळीनंतरच्या प्रत्येक बाराला मात्र ती आधी खाली गेली होती. बार कधी ओढत नाही. म्हणजे मधल्या काळात यंत्र उलटं लिहायला लागलं होतं. आणि फाल्गुनातल्या त्या दुपारी, कडेला ‘बार’ लिहिलेलं नसताना, सुई वर गेली होती.

दिवाळीपासूनचे व्यंकटीचे सगळे बार एका बाजूला, आणि ज्यासाठी त्याला धरलं तो धक्का एकटा दुसऱ्या बाजूला. हे कळायला पदवी लागत नव्हती. दोरे सोडावे लागत होते.

बिडवे सर परीक्षेच्या पेपरांना शिपायाकडून सुतळी बांधून घेत होते.

“सर, वडसांगवीचं यंत्र उलटं लिहितंय. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्याच्या तारा उलट जोडल्या गेल्यात.”

“कुणी सांगितलं?”

“व्यंकटीच्या जुन्या बारांनी.”

“आरोपीच साक्षीदार! वा.” त्यांनी शिपायाकडे पाहिलं, तेव्हा शिपायालाही हसावं लागलं. “मॅडम, यंत्र हैदराबादहून आलंय. तिथल्या शास्त्रज्ञांचं खरं मानायचं का विहिरी खणणाऱ्याचं?”

“यंत्र बरोबरच आहे. तारा...”

“तुमची जागा जूनमध्ये भरायची आहे ना? मुलाखतीला मी असणार आहे. तेवढा अभ्यास करा.”

मी कागद गुंडाळले. तहसीलदारांची चौकशी त्याच आठवड्यात वडसांगवीच्या शाळेत होती, यंत्र तिथं होतं म्हणून. चौकशीच्या दिवशी मी पहिल्या गाडीनं निघाले आणि लोह्याला गाडी बदलली. पुढच्या गाडीत माणसांपेक्षा घागरी जास्त होत्या.

“या मॅडम, या,” नरसिंग गुरुजी म्हणाले. “पाणी न्हाई बरं का अजून आलं. टँकर दुपारून येतंय. चहा सांगू?”

“चहालाही पाणी लागतं, गुरुजी.”

“निस्त्या दुधाचा करायला लावतो की.”

चहा नको म्हणून मी यंत्राच्या खोलीत गेले. सिमेंटच्या चौथऱ्यावर कुंकवाची पाच बोटं उमटलेली होती. यंत्राच्या पेटीलाही हळद लागलेली. वर खिळ्याला झेंडूचा हार सुकून काळा पडला होता.

“गुरुजी, हे काय?”

“खंडेनवमीची पूजा केली न्हाई का!” त्यांचा चेहरा खुलला. “इळा, कोयता, नांगर, समद्याची करतो आपण, मग ह्याची का न्हाई? गावाची राखण करून राहिलंय ते. सर स्वता आले व्हते, समिती आली व्हती. पेपरात फोटू बी आला.”

“पूजा केली म्हणजे काय केलं?”

“वायरी काढल्या, सरांनी फडक्यानं पुसून काढलं, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मंग परत जोडल्या वायरी.”

“कुणी?”

“सरांनीच. म्या इचारलं, सर, लाल वायर ह्या बाजूला व्हती का त्या? तर हसले. म्हणले, गुरुजी, विजेला काय उजवं-डावं कळतं का?”

पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख.

पूजेचं मला काही नाही. माझे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. खंडेनवमीला डेपोत सगळे पाने-पकडी मांडून पूजा करत. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पूजा नाहीत, म्हणून वडील तेवढा एक दिवस रजा टाकत. पण दुसऱ्या दिवशी गेले की प्रत्येक पाना आपल्या खिळ्यावर असे. त्या लोकांना हत्यारांची गरज होती, हा फरक.

मी पेटीचं झाकण काढलं. यंत्रात स्प्रिंगला टांगलेलं एक वजन असतं; ते हललं की वायरींतून वीज जाते आणि सुई हलते. जमीन वर उचलली गेली की चौकट वर येते आणि वजन मागं राहतं. म्हणून वजनच हलकेच खाली दाबलं, तर यंत्राच्या लेखी जमीन वर आली. खडूचा एक तुकडा मी चिमट्यानं वजनावर ठेवला. सुई वर जायला हवी होती. ती खाली गेली.

“आगं बाबौ,” गुरुजी म्हणाले. “म्हंजे उलटंच की.”

“उलटंच. त्या दुपारी कागदावर सुई वर गेली, म्हणजे खरी जमीन खाली ओढली गेली. बार ओढत नाही.”

गुरुजी बाकावर बसले. “अरारारा. त्या व्यंकटीला उगंच...” आणि मग लगेच, आवाज उतरवून, “मॅडम, पण पूजेचं तेवढं नका काढू. लोकायला लई राग येतो.”

माणूस मेला होता, दुसरा ठाण्यात होता, आणि गुरुजींना फोटोची काळजी होती.

दुपारी बिडवे सर रामकिशनरावांच्या जीपमधून उतरले. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं, खडूचं सांगितलं, वायरींचं सांगितलं. ते आधी पांढरे पडले. मग त्यांनी गळ्यातला रुमाल काढून नीट घडी घातली.

“हे तुम्ही आत सांगणार?”

“हो.”

“सरांनी पूजा केली आणि यंत्र बिघडलं, असं? रामकिशनरावांसमोर?” त्यांनी घडी खिशात ठेवली. “मॅडम, मी नाही म्हणत, पण लोक काय म्हणतील बघा. म्हणतील, यांच्यात पूजा-बिजा नसतात, म्हणून यांना पूजेतच खोट दिसते. मी तुमच्या काळजीनं सांगतो.”

माझी काळजी करणारी बरीच माणसं मला भेटलेली आहेत. सगळी अशीच बोलतात.

चौकशी यंत्राच्या खोलीतच झाली. तहसीलदार खुर्चीवर. ते तरुण होते आणि नव्या जिल्ह्यात नव्यानं आलेले, त्यामुळे कुणाला नाराज करायचं नाही एवढं शिकून आले होते. रामकिशनराव आणि समितीची चार माणसं बाकांवर. भिंतीला टेकून मलप्पाची बायको रत्नम्मा बसलेली, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. फौजदारानं व्यंकटीला हातांना दोरी बांधून आणलं होतं. त्याची बायको नागम्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही.

“बार उडवलास का?” तहसीलदारांनी विचारलं.

“न्हाई साहेब. भोकं पाडून राहिलो व्हतो. दारू अजून पिशवीतच व्हती.”

“मग आवाज कशाचा?”

“खालून आला, साहेब. हीर आशी झाली.” हात हलवून दाखवायला गेला तशी दोरी ताणली. “पायातून आला.”

“पायातून आला म्हणं,” रामकिशनराव म्हणाले. समितीची माणसं हसली. “साहेब, हिथं डॉक्टर माणसानं लिहून दिलंय, आन् ह्याचे पाय काय म्हणतेत ते का ऐकून राहिलाव आपण? आमचं गाव तालुक्याच्या उंबऱ्यावर हाय. भूकंपाच्या गावात कचेरी कोण बांधंल, तेवढं सांगा मला.”

म्हणजे तालुका व्हायचा, तर मलप्पाला व्यंकटीनंच मारलेलं असायला हवं होतं. हे त्यांनी इतकं सरळ मांडलं की कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी उठले. तहसीलदारांना म्हटलं, “साहेब, मी काही सांगण्याआधी तुम्ही स्वतःच्या हातानं एक करून पाहा.” त्यांना काहीतरी करायला मिळालं याचा आनंद झाला. त्यांनी बाह्या मागे सारून खडूचा तुकडा वजनावर ठेवला. सुई खाली गेली. त्यांनी काढून पुन्हा ठेवला. पुन्हा खाली. मग मी कागद जमिनीवर मांडले. श्रावणातले बार, दिवाळीनंतरचे बार, आणि शेवटी ती दुपार. काय पाहायचं ते सांगितलं. तहसीलदार वाकून पाहत राहिले. ते मूर्ख नव्हते. भित्रे होते.

“म्हणजे हा बार नाही.”

“नाही.”

“पण हे यंत्र उलटं झालं कसं?”

गुरुजी वरच्या पत्र्यांकडे पाहत होते. रामकिशनरावांची नजर चौथऱ्यावरच्या कुंकवावर गेली, तिथं थांबली आणि माझ्याकडे वळली. त्या नजरेत ‘बोल बघू’ एवढंच होतं.

“त्याचं असं आहे साहेब,” बिडवे सर गोड आवाजात म्हणाले. “आमच्या मॅडम नवीन आहेत. यंत्राच्या देखभालीला त्याच येतात. पुसताना-झाडताना वायर इकडची तिकडे... होतं असं. विद्यार्थिदशेतून नुकत्याच बाहेर पडल्यात.”

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. रामकिशनराव तर खुशीत आले.

“बाईमाणसाच्या हाती मशीन दिल्यावर काय व्हनार! आमच्याकडं सुनंनं मिक्सर जाळला.”

“मॅडम,” तहसीलदार म्हणाले, “तुमच्या हातून झालं का हे?”

नाही म्हटलं असतं तर ‘मग कुणाच्या?’ हा प्रश्न आला असता. त्याचं उत्तर दिलं की खोलीत पूजा आली असती, पूजेमागून धर्म, धर्मामागून माझी जात. व्यंकटी त्या सगळ्याच्या तळाशी गेला असता. तहसीलदारांनी घाईघाईनं पुढची तारीख दिली असती, आणि तोवर तो ठाण्यात. मला ही माणसं पाठ होती. खरं बोलून त्यांच्यासमोर काही मिळवता येईल इतकी त्यांची किंमत मी कधी केली नव्हती.

“साहेब,” मी म्हटलं, “आधी लिहा की तो धक्का बाराचा नव्हता. त्याखाली सरांची सही घ्या. मग माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा.”

तहसीलदारांनी लिहिलं. बिडवे सरांनी सही केली. इतक्या उत्साहानं सही करताना मी त्यांना हजेरीपटावरही पाहिलं नव्हतं. पदव्या याही वेळी लिहायच्या राहिल्या नाहीत. मग तहसीलदारांनी खाली माझं नाव घातलं आणि ‘हलगर्जी’ हा शब्द लिहिला.

“बार न्हाई तर न्हाई,” रामकिशनराव म्हणाले. “पर भूकंप बी लिहू नका.”

“मग काय लिहू?”

“लिहा की, नैसर्गिक कारणानं.”

तहसीलदारांनी ‘नैसर्गिक कारणाने’ लिहिलं. इथं मात्र मला राहवलं नाही.

“साहेब, भूकंप लिहा. इथली निम्मी घरं गोट्यांची आहेत, नुसत्या मातीत रचलेली. असा धक्का पुन्हा येऊ शकतो. लोकांना सांगा, काही दिवस उघड्यावर झोपा.”

तहसीलदारांनी पेनाला टोपण लावलं. “मॅडम, तुमच्या हलगर्जीपणानं आधीच इतका घोळ झालाय. आता तुम्हीच आणखी घबराट पसरवू नका.”

बिडवे सर माझ्याकडे दयेनं पाहत होते. मी व्यंकटीसाठी जे कबूल केलं होतं, ते पाच मिनिटांत माझ्याच तोंडावर येऊन बसलं होतं. दोन वायरी धड न लावता येणाऱ्या बाईचं भूकंपाबद्दल कोण ऐकणार? हा हिशेब मी केला नव्हता. त्या खोलीतल्या सगळ्यांना मी कमी लेखत होते, आणि त्यांनी काही न करता मला गप्प बसवलं.

तेव्हा रत्नम्मा पहिल्यांदा बोलली.

“मंग आमचे मालक कशानं गेले?”

तहसीलदारांनी फौजदाराकडे पाहिलं, फौजदारानं गुरुजींकडे.

“जमीन हलली, रत्नम्माकाकू,” मी म्हटलं. “भिंत मातीत रचलेली होती. ती टिकली नाही.”

“आन् परत हलली तर?”

“हलू शकते. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.”

“मॅडम,” रामकिशनराव ओरडले, “तिला कशाला भेवडवून राहिलाव? साहेबांनी काय सांगितलं आत्ताच?”

रत्नम्मानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती उठली आणि पदर सावरून बाहेर गेली.

व्यंकटीची दोरी व्हरांड्यात सोडली. तो मनगटं चोळत उभा राहिला. नागम्मा पुढं आली, पण नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे.

“तूच का ती वायरवाली बाई?”

मी कागदांना दोरा बांधायला घेतला.

“येवढी शिकलीस, आन् दोन वायरी नीट लावता येईनात? तुझ्यापायी माझा माणूस ठाण्यात मार खात बसला.”

“आगं जाऊ दे ना,” व्यंकटी म्हणाला. “सुटलो न्हवं का आता.”

“का जाऊ दे? तिचं काय गेलं?”

“जाऊ द्या हो बाई,” जीपमध्ये बसता बसता बिडवे सर म्हणाले. “नवीन आहेत त्या. शिकतील.”

त्या क्षणी सांगून टाकावं असं मला वाटलं. पण नागम्माला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावानं ऐकलं असतं, आणि तहसीलदारांच्या कागदावरची शाई अजून वाळायची होती. मी म्हटलं, “काही दिवस दगडी भिंतीच्या आडोशाला झोपू नका.”

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग ओढ्यापलीकडे बोट केलं. तिथं चार काठ्यांवर पोती टाकून केलेली पालं होती.

“आमाला भिंत हाय कुठं? गावाच्या भिंतीला दगड आमी फोडून द्यायचा, आन् निजायचं पोत्याखाली. आमाला शिकवून राहिली!” ती नवऱ्याला म्हणाली, “चल.”

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते मला ओळखीचं होतं. गेले दोन तास मी बिडवे सरांकडे तसंच पाहत होते. त्यांना ते कळलं नव्हतं, मला कळलं, एवढाच माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला.

सरांनी जीपमध्ये जागा आहे म्हणून हाक मारली. एस.टी.नं जाते असं सांगून मी पायी निघाले. स्टँडकडे जायची वाट मलप्पाच्या घरावरून जात होती. मागची भिंत पडलेली, पुढची उभी. त्या उभ्या भिंतीच्या दारातून रत्नम्मा एकटी बाज बाहेर ओढत होती. दार अरुंद, बाज रुंद, आणि एक पाय चौकटीत अडकलेला. समोरच्या हॉटेलात मघाचीच समितीची माणसं चहा पीत होती. टँकर बहुतेक आला असावा.

“काय वं काकू,” त्यांतला एक ओरडला, “भूकंप येऊन राहिला व्हय?”

रत्नम्मानं मान वर न करताच उत्तर दिलं.

“तू नीज की मंग घरात. तुला कोण उठवायलंय?”

हॉटेलातली माणसं हसली, आणि या वेळी त्या माणसाला हसली. मी पिशवी ओट्यावर ठेवली, चौकटीत अडकलेला पाय तिरका करून सोडवला आणि बाजेचं दुसरं टोक उचललं. “आन् माझ्या सासूची बी हाय आत,” रत्नम्मा म्हणाली. “ती जड हाय.” स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही पहिली बाज रिकाम्या मैदानात, कुठल्याच भिंतीची सावली पोचणार नाही अशा ठिकाणी टेकवली आणि दुसरी आणायला परत फिरलो.